पडवीतला निळा आकडा

माझा स्वभाव संशयी आहे, हे मीच आधी सांगून टाकते. भाजीवालीच्या तराजूकडे न बघता मी कधी पाव किलो मिरच्याही घेतल्या नाहीत. नवरा कामावरून लवकर घरी आला, तर बरं वाटायच्या आधी मला प्रश्न पडतो. त्यामुळे आमच्या नव्या घरात गाण्यांचा आवाज आपोआप वाढायला लागला तेव्हा बाकीचे ‘मशीन हाय, व्हायचंच’ म्हणून गप्प बसले. मला ते जमलं नाही.

माझं माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. वडील लोको शेडमध्ये कामाला होते. आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलायचे. मालगाडी चालली की वाक्य मध्येच थांबवायचं आणि डबे संपले की तिथूनच पुढं सुरू करायचं, याची आम्हा भावंडांना लहानपणापासून सवय. लग्न होऊन शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आले, तर इथं सगळं सामसूम. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, “आगं, तू बोलतीस का भांडतीस?” सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशी रीत आहे. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणायचे.

आप्पांच्या वडिलांपर्यंत हे घर मेंढरांमागं फिरणारं. आता कांदा आणि ऊस आहे, विहिरीला पाणी आहे, फिरणं कधीच थांबलंय. तरी आप्पांनी तीसेक मेंढरं ठेवली होती. गुडघे गेल्यापासून त्यांना स्वतःला चारायला जाता येत नव्हतं. भावकीतले एक चुलत दीर सकाळी मेंढरं नदीकडं न्यायचे आणि दिवस मावळताना घरामागच्या वाड्यात आणून कोंडायचे. तेव्हा आप्पा पडवीत खुर्ची टाकून, डोळे मिटून बसत. पुढं चालणारा म्होरक्या, एका डोळ्यानं आंधळी काणी, लंगडी अशा काही मेंढरांच्या गळ्यात घंट्या होत्या आणि प्रत्येक घंटीचा आवाज निराळा. मेंढरं अजून ओढ्यापलीकडं असायची, मला धूळसुद्धा दिसायची नाही, आणि आप्पा इकडं सांगून मोकळे: “म्होरक्या आला. काणी मागं ऱ्हायली आज. लंगडीला काट्यात घातली वाटतं त्यानं, थांबून थांबून येती.” थोड्या वेळानं बघावं तर तसंच. मी चोरून कितीदा पडताळून पाहिलं होतं. कधी चुकले नाहीत.

नवं घर बांधायला काढलं तेव्हा नवऱ्यानं मेंढरं विकायचा विषय काढला. चरायला रान राहिलं नव्हतं. रांजणगावकडं कंपन्यांची कुंपणं पडली होती आणि इकडं सगळ्यांचे ऊस. एखादं मेंढरू कुणाच्या पिकात शिरलं की बोलाचाली ठरलेली.

“आता कशाला पायजेत, आप्पा? दमला न्हाई का तुम्ही?” नवरा म्हणाला.

“इनामगावच्या पांढरीच्या टेकाडात सायबांनी खणलं, तवा काय निघालं? मेंढराची हाडं. हजारो वर्सं हितं मेंढरं हायती, आन् तू मला ईक म्हन,” आप्पा म्हणाले. मग स्वतःच तोड सांगितली. “जवर मला पडवीत बसून माजी मेंढरं ऐकू येत्यात, तवर ऱ्हाऊ दे. ज्या दिशी न्हाई आली, त्या दिशी मीच यापाऱ्याला बोलवीन.”

नवऱ्यानं मान डोलावली. आप्पांनी दिलेला शब्द मोडल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे मेंढरं राहणार की जाणार, हे आप्पांच्या कानांवर येऊन ठेपलं. आणि मेंढरं गेली तर आप्पांचं काय राहणार, हे मला दिसत होतं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

नवरा सणसवाडीला एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. सुट्टीच्या दिवशी एका ठेकेदाराबरोबर पुण्यातल्या बंगल्यांत ‘होम ऑटोमेशन’ची कामं करायचा. भिंतीवर बटण दाबलं की पडदा सरकतो, दिवा मंद होतो, असले प्रकार. एका शोरूमनं नवीन माल आल्यावर घरभर गाणी वाजवायचा जुना डेमोचा सेट काढून टाकला. तो यानं पोत्यात घालून घरी आणला. प्लास्टर व्हायचं होतं, त्यामुळे वायरी भिंतीत गेल्या. जिन्याखालच्या कपाटात सीडी, रेडिओ आणि अँप्लिफायर बसला. हॉल, स्वयंपाकघर, आप्पांची खोली, वरची आमची खोली आणि पडवी, प्रत्येक ठिकाणी छतात स्पीकर आणि भिंतीवर एकेक पांढरी पाटी. नवरा तिला कीपॅड म्हणायचा, आम्ही पाटीच म्हणायचो. पाटीवर सहा बटणं आणि वरती निळा आकडा. आवाज वाढवला की आकडा वाढायचा, कमी केला की उतरायचा.

लाइट गेली तरी हे सगळं चालावं म्हणून इन्व्हर्टर घेतला. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. संध्याकाळी गावात अंधार आणि आमच्याकडं भजनं चालू. लोकांना वाटायचं, यांनी कुठून तरी चोरून वायर ओढली आहे. एक-दोघं तर बोलता बोलता घराला फेरी मारून गेले.

आप्पांना पाटीचा पहिल्यापासून संशय. “बोलती म्हंजी ऐकत बी आसंल,” म्हणायचे आणि घरातलं काही सांगायचं असेल तर अंगणात जाऊन बोलायचे. आत्यांनी दसऱ्याला कोयता आणि खुरप्यांबरोबर पाचही पाट्यांना हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून स्वयंपाकघरातलं ‘कमी’चं बटण जड झालं.

वापरायला सोपं होतं. बटण दाबलं की बारीक ‘टिक्’ वाजायचं, की लगेच बोट उचलायचं. आकडा एकानं वाढायचा, तो त्या खोलीपुरता. पण बोट न उचलता दाबून धरलं, तर टिक् टिक् टिक् करत सगळ्या घराचा आवाज चढत जायचा आणि पाचही पाट्यांवरचे आकडे एकदम पळायचे. हे दाबून धरायचं नवऱ्यानं फक्त मला दाखवलं होतं. “आईला न् आप्पांना सांगू नको, न्हाईतर घराची यात्रा हुईल,” म्हणाला होता.

म्हणूनच, एका संध्याकाळी मी भाकरी थापत असताना माझ्या डोक्यावरचा स्पीकर अचानक ओरडायला लागला आणि पाठोपाठ हॉलमधला आणि वरचाही, तेव्हा मी पहिल्यांदा नवऱ्याचा विचार केला. कुणीतरी बटण दाबून धरलं होतं, आणि ते माहीत असलेली घरात दोनच माणसं. त्यातली एक पिठात हात घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजचंच झालं. सकाळी नाही, दुपारी नाही, बरोबर मेंढरं यायच्या वेळेला. पहिली पाळी करून नवरा तोवर घरी आलेला असायचा. आप्पा पडवीत डोळे मिटून बसलेले, वर गाणी दणाणतायत, आणि मेंढरं मागच्या वाड्यात शिरून जायची तरी आप्पा अवाक्षर बोलायचे नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “ह्या बाज्यात काय ऐकू येतंय?”

नवऱ्याचा डाव माझ्या ध्यानात आला, असं मला वाटलं. ह्याला मेंढरं नको आहेत. शब्द आप्पांनीच दिलाय. मग मेंढरं यायच्या वेळेला घर गाण्यांनी भरून टाकायचं, की घंटी ऐकू येणारच नाही, आणि एक दिवस म्हणायचं, आप्पा, तुम्हीच बोलला होता. बापाला असं फसवायचं, तेही भजनं लावून. मला एवढा राग आला की त्या दिवशी मी त्याच्या ताटात मुद्दाम खालची करपलेली भाकरी वाढली. त्यानं ती निमूट खाल्ली. त्यावरून तर माझी खात्रीच पटली.

“आवाज कोण वाढवतंय?” मी विचारलं.

“हेच मी तुला इचारणार व्हतो,” तो म्हणाला. “दौंडच्या माणसाला बारीक आवाजात करमत न्हाई, म्हाईत हाय मला.”

“माझे हात पिठात होते.”

“रोज?”

झालं. दोघंही एकमेकांकडं चोरावर बघावं तसं बघायला लागलो. आत्यांचं तिसरंच. त्यांना वाटायचं, मी माहेरी मोबाइलवर सासरची गाऱ्हाणी सांगते आणि कुणाला कळू नये म्हणून गाणी मोठी लावते. माझ्याकडं तेव्हा नुकताच मोबाइल आला होता. मी फोन घेऊन गच्चीवर गेले की आत्या वाळवणाला हात लावायच्या निमित्तानं वर हजर. पोरगी आहे, बोलेल आईशी, असं म्हणून सोडून देणाऱ्या त्या नव्हत्याच. मीही नसते, म्हणा.

मग एका शनिवारी दुपारी नवरा जेवताना म्हणाला, “उद्या सांच्याला मेंढरांचा यापारी यायचाय. नुस्तं बघून जाईल.”

“कुणी बोलावलं त्याला?” मी विचारलं.

“मी. उद्या मी समदी गाणी बंद करणार हाय. आप्पा सांगतील, मेंढरं आली का न्हाई ते. एकदा काय ते हून जाऊ दे.”

आप्पा समोरच जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, मुलाचा राग आला असेल. पण नवऱ्याचं काय ते मला कळेना. रोज आवाज वाढवणारा माणूस स्वतःच गाणी बंद करतो म्हणतोय, म्हणजे यातही काहीतरी असणार.

त्याच संध्याकाळी मी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या दारातून हॉल दिसतो आणि खिडकीतून पडवी. मी भाजी चिरायला घेऊन दारात बसले. नवरा सोफ्यावर, मांडीवर शेंगांचं ताट. दोन्ही हातांनी शेंगा फोडत होता. पाटी त्याच्या डोक्यामागं भिंतीवर. मी डोळे लावून बसले होते. आणि माझ्यादेखत त्या पाटीवरचा निळा आकडा पळायला लागला. टिक् टिक् टिक्. आवाज चढला. नवऱ्याच्या दोन्ही हातांत शेंगा.

तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. तो नव्हता, मीही नव्हते. विळी बाजूला ठेवून मी खिडकीशी गेले.

पडवीत आप्पा पाटीसमोर उभे होते. अंगठा बटणावर. पाटी टिक् टिक् करत होती, माझ्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं, पण आप्पांचा अंगठा काही उठेना. मान तिरकी करून छतातल्या स्पीकरकडं बघत ते वाट पाहत होते, गाणं ऐकू यायची. बऱ्याच वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं, तेव्हा त्यांनी अंगठा काढला. आपण पडवीपुरताच आवाज वाढवला, असंच त्यांना वाटत होतं. मग खुर्चीवर येऊन त्यांनी डोळे मिटले.

मी तिथंच उभी राहिले. हे मी आधी पाहिलेलं होतं. माझे वडील असेच कुकरच्या शेजारी उभे राहून म्हणायचे, अजून शिट्टी झाली नाही. शेडमधल्या इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले होते, आणि कामावर कळू नये म्हणून ते माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायचे, सगळे हसले की मग हसायचे. बारीक आवाज आधी जातात. आप्पांचे गेले होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ते गाण्यांच्या आड बसत होते. आणि मला नको नको त्या शंका आल्या, एवढी साधी गोष्ट तेवढी सुचली नाही. मला रडू आलं. पण हॉलमधून नवरा बघत असणार, म्हणून मी कांदा चिरायला घेतला.

रविवारी व्यापारी आला. पांढरी टोपी, खिशात पेन, बोलायला फार गोड. तो आणि नवरा पडवीत बसले, आप्पा त्यांच्या खुर्चीवर. नवऱ्यानं गाणी बंद केली. घर असं गप्प झालं की आत खोलीत आत्यांची कुरबूर ऐकू यायला लागली. मी चहा दिला आणि स्वयंपाकघरात येऊन खिडकीशी थांबले.

ओढ्याकडून घंटी आली. पहिली, घोगरी, मोठी. म्होरक्याची. एवढी मलाही कळत होती. व्यापाऱ्यानंसुद्धा तिकडं मान वळवली. आप्पा डोळे मिटून बसले होते, हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. बोटांची नखं पांढरी पडलेली मला लांबून दिसत होती.

“आप्पा,” नवरा म्हणाला, “आली का वो मेंढरं?”

नवऱ्यानं पुन्हा विचारलं. आप्पांनी तोंड उघडलं आणि मला कळलं की ते खरं सांगणार आहेत. खोटं त्यांना येत नव्हतं.

मी रेडिओचं बटण दाबलं आणि आवाजाच्या बटणावर अंगठा दाबून धरला. बस्ता कुठं बांधावा याची जाहिरात लागली होती. ती पाचही खोल्यांत अशी दणाणली की व्यापाऱ्याच्या हातातला चहा धोतरावर सांडला. नवरा धावत आत आला. माझा अंगठा अजून बटणावरच होता. त्यानं अंगठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“तूच व्हय?” तो म्हणाला.

“व्हय, मीच,” मी म्हणाले. “मला मोठा आवाज आवडतो.”

मागून आत्या आल्या. “म्हनलं न्हवतं म्या?” त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला हसूच आलं. बाहेर व्यापारी धोतर झटकत म्हणाला, “येतो परत, निवांत.” नवरा मात्र बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला आणि बाहेर गेला. त्या बघण्याचा अर्थ मी माझ्या स्वभावाप्रमाणे वाईटच लावला.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मी आप्पांसमोर जाऊन बसले. अगदी समोर, तोंड दिसेल असं.

“आप्पा, पाटी दाबली की टिक् वाजतं. तुम्हाला ऐकू येत न्हाई.”

ते माझ्या ओठांकडं बघत होते. मग नजर खाली घातली. “न्हाई,” म्हणाले. “काणीची घंटी तर गेल्या सुगीपासनं न्हाई. आता म्होरक्याची बी जवळ आल्याबिगर येत न्हाई.” मग म्हणाले, “यापाऱ्याला निरोप धाड. सबुद दिलाय म्या.”

“मेंढरं गेल्यावर तुम्ही दिवसभर काय करणार?”

“काय करायचं? पडवीतलं गठुडं व्हायाचं.”

मला त्यांचा राग आला. एवढा मोठा माणूस स्वतःला गाठोडं म्हणतो, आणि तेही इतक्या शांतपणे. मी म्हणाले, “घरात पाच माणसांना पुरतील एवढे कान हायत. माझे दौंडचे कान हायत, मालगाडीतनं आईची हाक ऐकलेले. मी ऐकते, तुम्हाला सांगते. पडवीत बसूनच कळंल की तुम्हाला.”

“ओरडून सांगशील? समद्या गावाला?”

मी पडवीतल्या पाटीकडं बोट दाखवलं. निळा आकडा खुर्चीतून सरळ दिसत होता. “तोंडानं कशाला? त्यानं सांगते.”

त्यांना पटायला दोन दिवस लागले. त्यांचं म्हणणं, ही लबाडी आहे. माझं म्हणणं, म्हातारपणी काठी घेतली तर कुणी लबाड म्हणतं का? शेवटी मेंढरांसाठी त्यांनी ऐकलं, माझ्यासाठी नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

मग ते मला वाड्यात घेऊन गेले. एकेक मेंढरू जवळ ओढून त्याची घंटी हातानं हलवायचे. “ही म्होरक्याची. घोगरी हाय. ही काणीची, फुटक्या वाटीवानी वाजती, व्हय का न्हाई?” मी डोळे मिटून ऐकायचे आणि व्हय म्हणायचे. लंगडीची घंटी बारीक, पायाबरोबर अडखळणारी. म्होरक्याची सोडली तर आप्पांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. बोटांना बसणारा घंटीचा हिसका आणि आठवण एवढ्यावर ते मला शिकवत होते, आणि एकदाही चुकले नाहीत. मीच चुकायचे. तेव्हा ते माझा कान पकडत, खरंच पकडत, आणि पुन्हा घंटी हलवत.

ठरलं ते असं. मी नवऱ्याला म्हणाले, एवढं सगळं झालं, आता संध्याकाळी गाणी नकोत. तो लगेच हो म्हणाला. गाणी बंद, आकडे शून्यावर. मग मेंढरं आली की मी स्वयंपाकघरातलं बटण दाबून धरायचं, म्हणजे पडवीतलाही आकडा हलेल. एक म्हणजे म्होरक्या आला. दोन म्हणजे काणी त्याच्याबरोबर आहे. तीन म्हणजे लंगडीही आली. आकडा दोनवर थांबला तर लंगडी मागं. सीडी आणि रेडिओ बंद असल्यावर आवाज यायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मी बटणावर अंगठा ठेवूनच उभी होते. नवरा हॉलमध्ये बसला होता. घंट्या आल्या. मी दाबलं, एक झाला, दोन झाले, थांबले. पडवीतून आप्पांचा आवाज आला, पूर्वीसारखा, निवांत. “म्होरक्या आला. काणी हाय संगं. लंगडी मागं ऱ्हायली.”

नवरा उठून बाहेर गेला, वाड्यापर्यंत जाऊन आला. “बराबर हाय,” म्हणाला. आणि चहा मागितला. व्यापाऱ्याचं नावही काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. एवढ्या लवकर याला पटलं कसं, असा संशय मला तेव्हाच यायला हवा होता. पण आपलं कारस्थान जमलं की माणूस दुसऱ्यावर संशय घ्यायला विसरतो. मीही विसरले.

असं पुष्कळ दिवस चाललं. पावसाळे गेले. म्होरक्या म्हातारा होऊन मेला, त्याची घंटी दुसऱ्याच्या गळ्यात गेली. आत्यांचा माझ्यावरचा संशय काही गेला नाही. संध्याकाळी मी भाकऱ्या सोडून भिंतीशी काय करते, हे त्या वाकून वाकून बघायच्या. मी पाटी पुसते म्हणून सांगायचे. आमच्या घरात ती पाटी जेवढी पुसली गेली तेवढा देव्हारासुद्धा नाही.

आणि मग एका संध्याकाळी लाइट गेली ती गेलीच. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली होती, दुपारपासून चीं चीं करत होती आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं. उजेड होता अजून, पण पाट्या सगळ्या काळ्या. ओढ्याकडून घंटी आली. मी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं, अंगठा दुखेपर्यंत. पाटी मेलेली. खिडकीतून आप्पा दिसत होते. डोळे मिटलेले नव्हते. ते भिंतीवर आकडा शोधत होते, आणि तिथं काही नव्हतं.

आणि नवरा घरी होता. हॉलमधून त्याची पावलं पडवीकडं गेली. मला वाटलं, आता विचारणार.

तो आप्पांच्या खुर्चीशेजारी खाली उकिडवा बसला. काही विचारलं नाही. ओढ्याकडं कान देऊन बसला. मग त्यानं आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एक थाप मारली. थांबला. दुसरी मारली. पुन्हा थांबला, जरा जास्त वेळ, आणि तिसरी.

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग खुर्चीला टेकले, डोळे मिटले आणि म्हणाले, “म्होरक्या आला. काणी हाय. लंगडी बी आली आज.”

मी पिठाच्या हातांनीच पडवीत गेले. “तुम्हाला कवापासून ठावं हाय?” मी नवऱ्याला विचारलं. माझा आवाज चढलाच.

“तू दाबून धरलंस की हॉलमदली पाटी बी टिक् करती,” तो म्हणाला. “माज्या डोक्यामागंच हाय ती.”

“म्हंजी पहिल्या दिवसापासून.”

त्यानं मान डोलावली.

“आन् यापारी?”

“त्याला मी त्या सोमवारीच सांगितलं, येऊ नको म्हणून. आप्पांच्या नखांकडं मी बी बघत व्हतो की तवा.”

एवढी वर्षं. मी त्याला करपलेली भाकरी वाढली होती आणि त्यानं खाल्ली होती, आणि संध्याकाळी माझ्या चोरीची टिक् टिक् ऐकत शेंगा फोडत बसला होता. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा तेही समजत नव्हतं.

आप्पांनी डोळे उघडले. आमची तोंडं हलताना त्यांना दिसत होती, पण कळत काहीच नव्हतं. त्यांनी संशयानं आधी मुलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“काय म्हंतोय गं ह्यो?” त्यांनी विचारलं.

मी वाकले आणि अगदी दौंडच्या आवाजात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, “समदी आली म्हणत्यात, आप्पा.”